तीन माणसांच्या घरातली लाल पेटी

२ फेब्रुवारी, रविवार

कंपनीत सेफ्टीचं एक रजिस्टर जास्तीचं आलं होतं. स्टोअरवाला म्हणाला, घेऊन जा. म्हणून आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. सतरा वर्षं सेफ्टीत काढलेल्या माणसाने स्वतःच्या घराचंही इन्स्पेक्शन लेखी ठेवायला हवं. इतकी वर्षं सुचलं कसं नाही?

साइट: पेण, दोन खोल्या आणि किचन. मनुष्यबळ तीन. मी प्रविण म्हात्रे, बायको नमिता, मुलगा प्रणित. तो अकरावीला.

पहिलं निरीक्षण. प्रणित त्याच्या खोलीत फोनवर बोलत होता. नमिता दाराला कान लावून उभी, हातात लाटणं. मग धाडकन आत. प्रणित म्हणाला, आई गो, दार तरी वाजव. ती म्हणाली, नऊ महिने पोटात होतास तवा तू लाथा मारताना विचारलं होतंस का मला? प्रणितने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. पंखा पुसायला झालाय.

ताट वाढून देते, ठीक आहे. पण शर्ट हुंगते, वह्या उघडते, त्याच्या मोबाइलचा पासवर्ड तिला पाठ. पोरगा सोळाचा झाला. हे बरोबर नाही. मला आत कुठेतरी टोचत राहतं.

ठराव: उद्या नमिताशी बोलणार. स्पष्ट.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल राहिलं. तिचं डोकं दुखत होतं.

सकाळी टूलबॉक्स टॉक. म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी मी पाच मिनिटं बोलतो आणि चाळीस माणसं आपापल्या बुटांकडे बघतात. आजचा विषय: धोक्याचं काम दिसलं तर कोणीही थांबवू शकतो, अगदी हेल्परसुद्धा. बघून गप्प बसणारा तितकाच जबाबदार. आवाज मस्त लागला होता.

निअर मिसच्या नव्या स्लिपा छापून आल्या. निअर मिस म्हणजे होता होता वाचलेला अपघात. स्लिपवर आधी दोनच ओळी होत्या. काय घडलं? कोणी पाहिलं? तिसरी माझी आयडिया: पाहणाऱ्याने काय केलं? मॅनेजरसाहेब म्हणाले, म्हात्रे, या तिसऱ्या ओळीत खरी गंमत आहे.

रोह्याच्या कंपनीतून येताना बसमध्ये नमिताशी बोलायची वाक्यं तयार केली. नागोठण्यापर्यंत कडक होती. वडखळला जरा नरम केली, बायकोच आहे शेवटी. पेणला घरात शिरलो तर चिंबोऱ्यांचा वास. चिंबोरीच्या नांग्या फोडून खाताना माणसाला बोलता येत नाही, दोन्ही हात आणि तोंड गुंतलेलं असतं.

उद्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

उपाय सापडला! तोंडाने बोललं की भांडण होतं, सिस्टिमने बोललं की सुधारणा होते. कंपनीच्या गेटजवळ लाल पेटी असते. स्लिपवर नाव न घालता तिच्यात टाकायची. स्टोअरमधली एक जुनी पेटी मागून आणली आणि देव्हाऱ्याशेजारी ठोकली. बाजूला स्लिपांचं पॅड, दोरीला पेन.

नियम समजावले. नाव लिहायचं नाही. दर रविवारी मी उघडणार. अठ्ठेचाळीस तासांत कारवाई.

प्रणित म्हणाला, पप्पा, घरात माणसं तीन. नाव नाय लिवलं तरी अक्षर कळंल ना? पोरगं हुशार आहे. म्हटलं, सिस्टिमवर विश्वास ठेव. नमिता म्हणाली, बाजूला देव हाय, लोकं पैसे टाकतील तिच्यात.

९ फेब्रुवारी, रविवार

पेटीत एक स्लिप. काय घडलं: मीठ संपलं. कोणी पाहिलं: मी. पाहणाऱ्याने काय केलं: तुमची वाट बघितली.

अक्षर ओळखलं नाही असं दाखवून मीठ आणलं. कारवाई वीस मिनिटांत. बाकी तक्रारी शून्य.

१० फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ११

या आठवड्यात सेकंड शिफ्ट, म्हणून सकाळी घरी. कॉलेजात मोबाइल चालत नाही, त्यामुळे प्रणितचा मोबाइल घरीच चार्जिंगला असतो. नमिता ओट्याशी उभी राहून त्याच्यावर टाइप करत होती. विचारलं, काय गो? म्हणाली, सुरभीला उत्तर देते.

सुरभी म्हणजे रोह्याची पोरगी, कबड्डीच्या शिबिरात ओळख झालेली. तिचं कॉलेज दुपारचं, म्हणून ती सकाळी मेसेज करते. विचारलं, तू कोण म्हणून उत्तर देतेस? म्हणाली, म्हणजे काय? प्रणित म्हणून. अभ्यास हाय, नंतर बोलू, एवढंच लिवते आन् पुसून टाकते. तिचंबी, माझंबी. गेले पंधरा दिवस चाललंय.

हे दार ढकलून आत जाणं नव्हे. पोराच्या तोंडाने पोराच्या मैत्रिणीशी बोलायचं! मी म्हटलं, नमिता, हे बंद कर. आत्ताच्या आत्ता.

मनात म्हटलं. पण ठाम.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बोललो! म्हणजे सुरुवात केली. म्हटलं, नमिता, मुलगा मोठा झाला, त्याला त्याची मोकळीक हवी. ती हातातली भाजी ठेवून म्हणाली, तीन वर्षांचा होता तवा ताप डोक्यात गेलेला. भर उन्हात स्टँडपासून दवाखान्यापर्यंत मी त्याला खांद्यावर टाकून धावले. डोळे पांढरे केलेले त्यानं. तुम्ही कुठं होता?

शिफ्टला होतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला पण कसंतरी झालं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. सुरभी. नमिताने डोळे पुसले आणि लिहिलं, मी अभ्यासात व्यस्त आहे. मी बघितलं आणि राहवलं नाही. म्हटलं, व्यस्त कोण लिहितं? बिझी आहे यार, असं लिही. पोरगी ओळखेल नाहीतर.

ही मदत नव्हे. धोका काढून टाकता येत नसेल तर निदान कमी करायचा, हे सेफ्टीचं तत्त्व आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

पेटी रिकामी. म्हणजे घरात सगळं ठीक आहे. आकडे खोटं बोलत नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज ऑफ. घरी राहायला नको होतं.

साडेदहाला सुरभीचा मेसेज. माझी आजी गेली रे पहाटे. फोन कर ना.

नमिता मोबाइल धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता कॉलेजात फोन करून प्रणितला निरोप देऊ. ऑफिसचा नंबर माझ्याकडे आहे. मी म्हटलंसुद्धा, सांगूया का त्याला? ती म्हणाली, सांगाल आन् तो निघेल रोह्याला. सोमवारपास्नं टेस्ट हाय. पोरीची आजी काय परत यायची नाय. मग लिहिलं, ओके. टेस्ट आहे. नंतर बोलू.

मला ते फार कोरडं वाटलं. म्हटलं, माणुसकी म्हणून पुढे आरआयपी तरी लिही. तिने लिहिलं. पाठवलं. पुसलं.

दीडला प्रणित आला. मोबाइल बघून म्हणाला, आज कोणाचाच मेसेज नाय? नमिता म्हणाली, नेटवर्क नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, व्हय, सकाळपास्नं नाय.

एकच वाक्य. पण जेवण गेलं नाही.

ठराव: टेस्ट संपली की त्याला स्वतः सांगणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

पेटी रिकामी.

चार मार्चला सेफ्टी डे, माझं भाषण. उद्या टेस्ट असूनही प्रणितने लिहून दिलं. दोन तास बसला. शेवट असा: अपघात करणारा एक असतो, बघणारे दहा. त्या दहातला एक जरी बोलला असता तरी आज एका घरात चूल पेटली असती. वाचून दाखवताना त्याचा आवाज जरा कापला. मी म्हटलं, शेवट फार कडक नाही ना झाला? तो म्हणाला, पप्पा, तुम्हीच सांगता ना रोज!

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण टेस्ट संपायची होती.

२ मार्च, रविवार

टेस्ट संपली. पेटी रिकामी. प्रणित गप्प गप्प आहे. म्हणाला, सुरभी आठवडाभर बोलतच नाय, काय झालं काय माहीत. मी म्हटलं, होतं असं या वयात. भाषण झालं की सांगेन. एका वेळी एकच काम हातात घ्यावं.

४ मार्च, मंगळवार

भाषण जोरात! चूल पेटली असती म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या वेल्डरने डोळे पुसले. मॅनेजरसाहेबांनी शाल घातली आणि भाषणाची कॉपी मागितली. म्हणाले, म्हात्रे, हे मनातून आलंय.

येताना वडखळपर्यंतच काय, पेणपर्यंत वाक्यं कडक होती. आज दोघांशीही बोलणारच होतो. पण नमिताने दारातच ओवाळलं. शालीसकट माझा फोटो काढून सगळ्या पाहुण्यांना पाठवला. प्रणित शेजारी उभा राहून हसत होता. अशा दिवशी विषय काढणारा माणूस करंटा.

६ मार्च, गुरुवार

आज कबड्डीच्या मॅचेस पेणला होत्या. सुरभीची टीम आली होती. तिने प्रणितला तिचा मोबाइल दाखवला. तिच्या मोबाइलमधून कोण पुसणार?

चपला न काढता आत आला. आरआयपी कोणी लिवलं, विचारलं. नमिता आधी म्हणाली, कसलं? मग म्हणाली, तुझ्या भल्यासाठी केलं. तो म्हणाला, तिची आजी गेली आन् मी टेस्ट हाय म्हटलं? आई, मी म्हटलं? नमिता रडायला लागली. रडता रडता म्हणाली, मी तर ओके लिवून थांबले होते. आरआयपी तुझ्या पप्पांनी सांगितलं.

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू म्हणाला, आईला आपण चुकतो असं वाटतच नाय. तुम्हाला माहीत होतं ना, पप्पा?

मी म्हटलं, पूर्ण नाही.

त्याने बॅग भरली. रोह्याला सगुणाकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे चाललो म्हणाला. नमिता दारात आडवी उभी राहिली. मी तिला बाजूला हो म्हणू की त्याला थांब म्हणू, हे ठरवेपर्यंत तो देव्हाऱ्यापाशी गेला. पाठमोरा होता. वाटलं, नमस्कार करतोय. पोरावर संस्कार चांगले आहेत. मग गेला.

दोन दिवसांत येईल.

९ मार्च, रविवार

पेटी उघडली. एक स्लिप.

काय घडलं: माझ्या नावाने दुसरंच कोणी बोलत होतं.
कोणी पाहिलं: पप्पांनी.
पाहणाऱ्याने काय केलं: आरआयपी सुचवलं.

नाव नाही. अक्षर ओळखलं. भाषणाच्या कागदावर आहे तेच, वळणदार.

नमिताला दाखवली नाही. तिला वाईट वाटेल. नियमाप्रमाणे कारवाई अठ्ठेचाळीस तासांत. करणार. या वेळी करणारच.

११ मार्च, मंगळवार

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर सगुणाकडे गेलो. दारात प्रणितच्या चपला. सगुणा म्हणाली, क्लासला गेलाय. मी चपलांकडे बघितलं, तिनेही बघितलं. चहा दिला. आतल्या खोलीचं दार बंद. मी उठून दाराशी गेलो, वाजवायला हात वर केला आणि परत येऊन बसलो. पोराला त्याची मोकळीक हवी, हे मीच नमिताला सांगितलं होतं.

सगुणा म्हणाली, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. चाळीस माणसांना शिकवतोस, एका बायकोला सांगता आलं नाय तुला? मी म्हटलं, तुला नाय कळायचं. ती म्हणाली, पोराला कळलंय ना, पुष्कळ झालं. प्रणितने सिम बदललंय. त्याचा नवा नंबर तिने मला दिला. म्हणाली, तुला एकट्याला. त्याला विचारून देते, तो म्हणाला पप्पांना एक चान्स. नमिताला दिलास तर परत माझ्या दारात येऊ नको.

एक चान्स! बसमध्ये नंबर मोबाइलमध्ये सेव्ह केला, पाठही करून टाकला.

घरी नमिता त्याच्या पलंगावर बसलेली, मांडीवर त्याचा कबड्डीचा टीशर्ट. दोन दिवस जेवलेली नाही. म्हणाली, नंबर द्या. मी म्हटलं, माझ्याकडे नाय. सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा नाही म्हटलं! तिने हात पुढे केला, म्हणाली, मोबाइल बघू. माझा पासवर्डही तिला पाठ आहे.

मी दिला नाही. तिने घेतला. यात फरक आहे.

१२ मार्च, बुधवार

सगुणाचा फोन आला. नमिताने सकाळपासून प्रणितला एकोणीस वेळा फोन लावला. प्रणितने ते सिमही काढून ठेवलं. त्याने एवढंच विचारलं, नंबर कोणी दिला? मी म्हटलं, कॉलेजातून मिळाला असेल. सगुणाने फोन ठेवला.

पेटीसाठी नवी स्लिप लिहायला घेतली. पहिली ओळ भरली. दुसरीत माझं नाव घातलं. तिसरीवर पेन थांबलंय. तेवढ्यात नमिताने हाक मारली. चिंबोऱ्या केल्यात, प्रणितला आवडतात म्हणून. तीन ताटं वाढलीत. सगळ्यात मोठी नांगी तिसऱ्या ताटात.

मी पाहिलं. जाऊन जेवायला बसतो.