लाल गाडीची नवी चाकं

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर

प्रिय ओवैस,

चाकांचे फोटो तू पाहिलेस, उत्तरात लाल बदामांची रांग पाठवलीस आणि खाली लिहिलंस, ‘अब्बांनी फिटिंग केलंय ना, मग मला काळजी नाही.’ त्या वाक्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. रोज मोबाईल हातात घेतो, दोन शब्द लिहितो आणि पुसून टाकतो. शेवटी वही घेऊन बसलो. तुझी खाला मक्केला उमरा करायला निघाली आहे, तिच्या पिशवीत हे पत्र जेद्दाला येईल. तिला मराठी वाचता येत नाही, तेवढंच बरं. फोनवर हे बोलायला गेलो की तू मधेच ‘अब्बांना दे’ म्हणतोस, आणि फोनवर ते इतके झकास बोलतात की मीच खोटा ठरतो.

आधी चाकांचंच सांगतो, कारण मला जे दिसलं ते तिथूनच दिसत गेलं. तुझी लाल गाडी दोन पावसाळे अंगणात उभी होती, टायरच्या बाजूंना भेगा पडल्या होत्या, ते बदलणं भागच होतं. तू तिकडून सतरा इंची अलॉयचा हट्ट धरलास, रोज नवीन डिझाइनची चित्रं पाठवत होतास. फुलंब्रीचा बद्रीनाथ आपल्या पिकअपमधून पुण्याला अद्रक घेऊन जातो आणि रिकामा परत येतो, म्हणून त्याच्याबरोबर जायचं ठरलं. मी एकटाच जाणार होतो. पण सकाळी पिकअप दारात आली तर तुझे अब्बा, आमचे गयासचाचा, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर तयार बसलेले. म्हणाले, टायर काय पुस्तकासारखं वरचं कव्हर बघून घ्यायची वस्तू आहे का. आमचं औरंगपुऱ्यातलं पुस्तकांचं दुकान त्यांना असं मधूनमधून आठवतं. चाची दारातून मला खुणेनं काहीतरी सांगत होती. मला वाटलं, त्यांना वेळेवर जेवायला घाल असं म्हणते आहे. मी मान हलवली आणि निघालो.

पुण्याच्या दुकानात चाचांना बघायला तू हवा होतास. दुकानदारानं आधी तुझ्या पसंतीची सतरा इंची चाकं काढली. चाचांनी टायरच्या बाजूवर अंगठा दाबून पाहिला आणि ती परत ठेवायला सांगितली. एवढ्या पातळ टायरवर हर्सूल ते फुलंब्री रस्ता म्हणजे पहिल्याच खड्ड्यात रिम वाकायचं, असं त्यांचं म्हणणं. सोळा इंची काळी रिमं त्यांनीच निवडली. तू फोनवर कुरकुर केलीस तेव्हा त्यांनी तुला विचारलं, गाडी नुसती दिसायला पाहिजे का चालायला पण, आणि तू हसलास. मीही हसलो. मग त्यांनी मला टायरवरचे चार आकडे दाखवले, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. दुकानात पडून म्हातारं झालेलं रबर घ्यायचं नाही, म्हणाले. प्रत्येक टायर फिरवून त्यांनी ते आकडे वाचले. शेवटच्या टायरशी थांबले. बराच वेळ त्या आकड्यांवर बोट ठेवून राहिले आणि मला हळूच म्हणाले, “शिवम, आता कोणतं साल चालू आहे रे?”

मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी साल सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली, मान डोलावली आणि टायर घेतला. दुकानदार बिल करत होता, त्याचं लक्ष नव्हतं. माझं होतं, पण मी ते चेष्टेवारी नेलं.

चाकं पिकअपमध्ये चढवताना मात्र त्यांच्यात कुठं काही कमी नव्हतं. अद्रकाची रिकामी पोती खाली अंथरली, प्रत्येक चाकाच्या मधे पुठ्ठा घातला, रिमच्या तोंडाला दोरी घासू नये म्हणून दोरीलासुद्धा चिंध्या गुंडाळल्या. बद्रीनाथ म्हणाला, चाचा, नवरी सासरी चालली का काय. परत येताना आम्ही नेवासा फाट्याच्या अलीकडं चहाला थांबलो. चाचा तोंड धुवायला गेले आणि आलेच नाहीत. मी हॉटेलच्या मागं पाहिलं, नळावर पाहिलं, रस्त्याच्या पलीकडं जाऊन पाहिलं. त्या रस्त्यावर ट्रक कसे पळतात तुला ठाऊक आहे. तेवढ्यात बद्रीनाथनं हाक मारली. थोडं पुढं एक एसटी उभी होती, आणि चाचा हातात दगड घेऊन तिच्या मागच्या टायरवर ठोकून आवाज ऐकत होते, एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला असताना ठोकायचे तसे. ड्रायव्हर बिचारा आदबीनं बाजूला उभा होता. मी जवळ गेलो तर मला म्हणाले, आतलं टायर बसलंय, ही गाडी डेपोबाहेर सोडू नका. खरंच ते टायर बसलेलं होतं, ओवैस. ड्रायव्हरनं त्यांचे आभार मानले. म्हणून मी पुन्हा मनाची समजूत घातली की माणूस रिटायर झाला तरी हात रिटायर होत नाहीत. पिकअपमध्ये बसल्यावर त्यांनी मला विचारलं, आपली ड्यूटी किती वाजता सुटते. मी म्हटलं, घरी पोचलो की सुटते. मग मी उरलेला रस्ता मागं वळून चाकांकडं बघत राहिलो, जणू काही हरवणार असेल तर तेच.

रविवारी अंगणात फिटिंग केलं. चाचांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. नट आधी हातानं फिरवायचे, मग जॅक उतरवून गाडी जमिनीवर टेकली की समोरासमोरचे आवळायचे, हे ते मला सांगत होते आणि करत होते. मी एकेक चाक पुसून तुझ्यासाठी फोटो काढत होतो. शेवटचं पुढचं डावं चाक राहिलं होतं, तेव्हा दुपारची, जोहरची अजान झाली. ते हात धुऊन आत गेले, नमाज पढून आले, जॅक उतरवला, पाना फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला आणि मला म्हणाले, झालं. मी ‘झालं’ असं तुला लिहून फोटो पाठवले.

सोमवारी तुझी बहीण निलोफर तीच गाडी घेऊन फुलंब्रीला शाळेत शिकवायला निघाली. चाचीला बाजारहाट करायचा होता, म्हणून तीही शेजारी बसली. नवीन टायर पहिले काही दिवस हळू चालवायचे, रबराला रस्ता कळू द्यायचा, असं चाचांनी निलोफरला बजावलं होतं. त्या एका वाक्यानं त्या दोघी आज आहेत, असं मला वाटतं. हर्सूल तलाव ओलांडला आणि खालून धडधड ऐकू यायला लागली. स्टीअरिंग हातात थरथरायला लागलं. निलोफरनं घाबरून ब्रेक दाबला नाही, गाडी हळूहळू कडेला घेतली. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेला की निलोफरच्या बाजूचा आरसा मिटला. निलोफरनं मला फोन करून तलावाच्या पुढं ये एवढंच सांगितलं. मी दुकानाचं शटर अर्धं उघडलं होतं, ते तसंच ओढलं आणि मोटारसायकल काढली. घरावरून जाताना चाचा दारात दिसले, माझा चेहरा बघून ते काही न विचारता मागं बसले.

पुढचं डावं चाक तिरकं झालं होतं. दोन नट रस्त्यात कुठं पडले कोण जाणे, उरलेले बोटानं फिरत होते. चाचा खाली बसले. त्यांनी एकेका नटाला हात लावला, मग रिकाम्या जागांना. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, धूळ उडत होती, आणि ते तिथंच उकिडवे बसून राहिले. निलोफरनं पटकन सांगितलं, अब्बा, दुकानवाल्याचेच नट खराब असतील. त्यांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं बघून विचारलं, “शिवम, खरं सांग. ये मैंने किया क्या?”

चाची गाडीतून उतरली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, कुणी का केलं असेना, आता आवळा म्हणजे घरी जाऊ. मी जाऊन नट आणले. ते त्यांनीच आवळले, आणि घरी पोचेपर्यंत तीनदा गाडी थांबवून पुन्हा तपासले.

त्या दिवशी मला कळलं ते घरात आधीपासून माहीत होतं. चाचीची ती सकाळची खूण जेवणाची नव्हती, त्यांना एकटं सोडू नको अशी होती. दिवाळीच्या आसपास निलोफरनं त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं होतं. मेंदूचे फोटो काढले, प्रश्न विचारले, घड्याळ काढून दाखवायला सांगितलं. विसरण्याचा आजार आहे, औषधानं थोडा थोपवता येतो, पण मागं फिरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तुझा तिथला नोकरीचा करार वाढायचा होता. चाचांनी दोघींना शपथ घातली की ओवैसला कळता कामा नये, त्याचं तिकडं लक्ष लागणार नाही. मला शपथ कुणी घातली नाही. तुला कळवू नको असं चाचीनं सांगितलं तेव्हा मी नुसती मान हलवली होती, आणि आता ती हलवलेली मान बाजूला ठेवून लिहितो आहे. निलोफरवर रागावू नकोस. ती शाळेतून येते, अब्बांबरोबर चालायला जाते, त्यांनी दोनदा विचारलेल्या प्रश्नाचं दोन्ही वेळा नव्यानं उत्तर देते. मी इतक्या जवळ राहून मला कळलं नाही, मग तुला फोनवर कसं कळणार.

बुधवारी चाचा आमच्या घरी आले. माझ्या आईच्या हातचा चहा घेतला, तिच्याशी गवारीच्या भावावर बोलले. मग मला अंगणात घेऊन गेले आणि खिशातून तुझ्या गाडीची चावी काढून माझ्या हातावर ठेवली. त्यांना सगळं स्वच्छ कळत होतं, ओवैस. त्या अर्ध्या तासात ते पूर्वीचे गयासचाचा होते. म्हणाले, माझ्या हातून माझी पोरगी मरता मरता वाचली, आता मी गाडीला हात लावणार नाही. घरात चावी राहिली तर मी शोधून काढीन, म्हणून तुझ्याकडं देतो. मी म्हटलं, ठेवतो. त्यांनी माझी मूठ दोन्ही हातांनी मिटली. “मी मागितली तरी देऊ नको. रागावलो, शिव्या दिल्या, तरी देऊ नको. ओवैस येईल तेव्हा त्याच्या हातात दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. बेटा, गाडीची चावी तुझ्याकडं राहिलीय का, असं अगदी गोड आवाजात विचारलं. मी नाही म्हटलं. त्यानंतर रोज येतात. कधी गोड बोलतात, कधी आवाज चढवतात. चहाच्या टपरीवर सांगतात की दोस्ताच्या घरात शिरून शिवमनं चावी उचलली. टपरीवरची बरीच माणसं समजून आहेत, पण सगळी नाहीत. माझ्या वडिलांना कुणीतरी विचारलं, गयासभाईंशी काय भानगड झाली तुमच्या पोराची. मी चाचांना ‘तुम्हीच दिलीत’ म्हणू शकत नाही. एकदा म्हटलं तर ते इतके गोंधळले, स्वतःचे खिसे चाचपत इतका वेळ उभे राहिले, की पुन्हा ते तोंडातून काढणार नाही असं मी ठरवलं. पण आता दारावर थाप पडली की मी चावी जागेवर आहे का ते बघून मगच दार उघडतो. चावी मी तीन ठिकाणी हलवली आहे. उद्या चिडून दुसऱ्या कुणाची गाडी घेतली तर? दुसरी चावी बनवून घेतली तर? त्या रस्त्यावर? मी दुकानात बसतो आणि बाहेर ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की आधी निलोफरला फोन लावतो.

काल ते एकटेच पोलीस चौकीत गेले, माझ्याविरुद्ध तक्रार द्यायला. हवालदारानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि चोराचं नाव विचारलं. चाची मागोमाग धावत पोचली तेव्हा ते आठवत बसले होते. नाव आठवलंच नाही. शेवटी हवालदाराला म्हणाले, “माझ्या पोराचा दोस्त आहे. चांगला पोरगा आहे तो, त्याला मारू नका.” चाचीनं हे मला सांगितलं आणि पदरात तोंड लपवून रडली. मी रात्रभर चावी उशाशी घेऊन पडलो होतो आणि सकाळी हे लिहायला बसलो. तुझ्या करारात काय होईल मला माहीत नाही, आणि पैशाअडक्याचं तुला शिकवणारा मी कोण. पण ते माझं नाव विसरले आहेत, तुला अजून विसरलेले नाहीत, दिवसातून दहा वेळा ओवैस कुठंय म्हणतात. तू ये. महिन्याभराची सुट्टी मिळो, आठवड्याची मिळो, पण आधी निघ. येऊन त्यांच्या समोर उभा राहा, माझ्या हातातून ही चावी घे, आणि त्यांना दिसू दे की ती ज्याची होती त्याला मिळाली. त्यांनी दिलेलं काम एवढं एकच आहे, आणि ते माझ्याच्यानं एकट्यानं पुरं होत नाही.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेला,
तुझाच
शिवम