माझा रेणू खाचेत बसतो

शुक्रवार, २६ सप्टेंबर
नवी वही सुरू. मोठ्या शास्त्रज्ञांच्या रोजनिश्या पुढे कामी येतात, आणि ऐनवेळी आठवून लिहिणं जड जातं. ही कुणी वाचू नये. तरी अक्षर बरं काढतोय.
लॅबप्रमुख वृषालीमॅडमनी आज मीटिंगमध्ये जाहीर केलं: दिवाळीआधी बाहेरचे परीक्षक पिरंगुटला आपल्या लॅबमध्ये येणार. ज्याचा औषधी रेणू प्रथिनात पक्का बसेल तो प्रोजेक्ट लीड. उमेदवार दोन, मी आणि गौतमी. गौतमी हुशार आहे, पण एकच प्रयोग तीन-तीनदा करते. आत्मविश्वास कमी. वाईट वाटतं.

शनिवार, २७ सप्टेंबर
लीडला पाहुण्यांना विषय सोपा करून सांगावा लागतो. सराव म्हणून सूस गावातल्या माझ्या घरमालकांना, हैबतरावांना, ओट्यावर बसवून सांगितला. अँटिबॉडीत दोन जड साखळ्या, दोन हलक्या. काही पेशंटच्या शरीरात हलक्या साखळ्या भरमसाट तयार होतात आणि दोघी-दोघी जोडीनं रक्तात मोकाट फिरतात. जोडी सैल पडली की साखळी उलगडते आणि तिचा गाळ हृदयात, किडनीत साचतो. दोघींच्या मधे एक खाच असते. तिथे छोटा रेणू नीट बसला की जोडी घट्ट राहते. आमचे रेणू खाचेत बसले की चमकतात. ती चमक यंत्रावर मोजायची.
हैबतराव म्हणाले, म्हंजी जोडप्याच्या मधी तिसरा घुसवायचा आन संसार टिकवायचा? आमच्या सूसमधी उलटं हाय.
मुद्दा साधारण पोचला म्हणायचा.
संकल्प: पहाटे साडेपाचला उठणे. वडापाव बंद. नम्रपणे बोलणे (लीड झाल्यावर एकदम जमायचं नाही, आतापासून सवय).

सोमवार, २९ सप्टेंबर
साडेसातला उठलो. झोप हा संशोधनाचाच भाग.
माझ्या रेणूचं नाव एसएच-७. एसएच माझ्या शरदचंद्र नावातलंच. चमक नाही. म्हणजे जवळजवळ नाही. रेणू लाजाळू असावा.
वडापाव एक. उभ्यानं खाल्ला, धरत नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर
खंडेनवमी. पिरंगुटच्या कारखान्याकारखान्यांत मशिनची पूजा आणि आमच्याकडे नुसतं दाराला तोरण! पुढाकार घेतला. लीडनं घ्यायचा असतो. सेंट्रिफ्यूज, फ्रिज, चमक मोजणारा रीडर, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचा हार. गौतमी म्हणाली, सर, रीडरला बाहेरूनच लावा. पण देवाचं काम वरवर करू नये. ट्रे बाहेर काढून आतल्या काचेलाही बोट टेकवलं. हात जोडून मनातल्या मनात एसएच-७ म्हटलं.
मॅडमनी दोन पेढे खाल्ले. चांगलं लक्षण.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
बसला! माझा रेणू बसला!! आकडे असे की आलेख पडद्याबाहेर गेला.
गौतमी म्हणाली, सर, प्लेटमधली रिकामी घरं पण आजच मोजा, ज्यात रेणू घातलेलाच नाही ती. कशाला? गेल्या महिन्याचे आकडे आहेत की. रिकामं ते रिकामं, महिन्याभरात त्यात काय भर पडणार? मत्सर दिसतो बिचारीला. नम्रपणे दुर्लक्ष केलं.
आईला फोन केला. आनंदानं वडापाव दोन. सणाला चालतात.

रविवार, ५ ऑक्टोबर
सूसच्या चौकात फ्लेक्स! हैबतरावांनी लावला. ‘हृदयविकारावर जालीम औषध शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ मी नको नको म्हणत होतो. फोटो मात्र वेळेत पाठवला. छापताना त्यांचा फोटो मोठा झालाय आणि माझा कोपऱ्यात गेलाय, पण चेहरा ओळखू येतो. दुपारी तीन चकरा मारून खात्री केली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
गौतमी काळजीत. म्हणते, दसऱ्यापासून रीडरवर सगळंच चमकतंय, नुसतं पाणीसुद्धा. मी धीर दिला, यशाची लाट आली की सगळ्यांनाच लागते. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. आदर असावा.
पाण्याचाही अभ्यास व्हायला हवा. लीड झाल्यावर कुणाला तरी नेमीन.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
आरशासमोर भाषणाचा सराव. ‘हे यश माझं एकट्याचं नाही’ हे वाक्य अजून मनापासून येत नाही.
फ्लेक्स वाचून एक आजी गुडघ्यांसाठी गोळ्या मागायला आल्या. हैबतराव मधे पडले, म्हणाले, आवो, अजून तयार न्हाईत, आन झाल्या तर पयल्या मालकाला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
गौतमीनं रीडर उघडला आणि मला एकट्यालाच आत बोलावलं. आतल्या काचेवर पिवळा ठिपका. बोटाचा ठसा अगदी स्पष्ट. बोट माझं.
हळद रीडरच्या प्रकाशात झकास चमकते. हे मला माहीत होतं. एम.एस्सी.ला मी स्वतः परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण मार्क मिळाले होते.
गौतमीनं स्पिरिट आणि कापूस माझ्या हातात दिला. म्हणाली, सर, तुम्हीच पुसा, म्हणजे मॅडमना सांगता येईल की चूक तुम्हीच दुरुस्त केलीत. पुसलं. पाणी विझलं. एसएच-७ विझला. गौतमीचा रेणू चमकत राहिला. तिनं तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मीच मोजायला सांगितलं.
वडापाव नको वाटला.

शनिवार, ११ ऑक्टोबर
मॅडमना सांगितलं. आधी हसल्या, मग रागावल्या, मग पुन्हा हसल्या. हैबतरावांना म्हटलं, फ्लेक्स उतरवा. ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या, त्यात माझा बी फोटो हाय.

बुधवार, १५ ऑक्टोबर
परीक्षक येऊन गेले. गौतमी लीड. बोलली छान. रेणू खाचेत कसा बसतो, जोडी का सुटत नाही, सगळं माझ्यापेक्षा सोपं करून. शेवटच्या स्लाइडवर आभार होते. त्यात लिहिलं होतं, रीडर स्वच्छ करून दिल्याबद्दल शरदचंद्र सर. एवढ्या मोठ्या पडद्यावर माझं नाव पहिल्यांदाच आलं. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या, आणि खोटं कशाला लिहू, मनापासून वाजवल्या.
आईला लगेच फोन केला, म्हटलं, परीक्षकांसमोर माझं नाव झळकलं. तिनं विचारलं, कशाबद्दल रे? म्हटलं, यंत्र नीट करून दिल्याबद्दल. आई खूश झाली. म्हणाली, मग दिवाळीला येशील तेव्हा आपला मिक्सर बघ, फिरता फिरता थांबतो.
भांड्याखालचं रबरी कपलर गेलं असणार. उद्या पिरंगुटच्या बाजारातून घेऊन ठेवतो.