उरलेली झोळी

रविवार. फेब्रुवारीची सुरुवात, सकाळी अजून गारवा होता. न्हावी लवकर आला, पणतूचं जावळ काढलं. दुपारी पुरी-भाजी आणि खीर केली. शेजारपाजारचे जेवून गेले. आता घर शांत आहे. नातसून बाळाला घेऊन झोपली आहे.

माय, तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. बालाघाटला शाळेत शिकवायला लागले तेव्हाही मी सुट्टीला सायकलने भरवेलीला यायचे आणि जे असेल ते चुलीपाशी बसून सांगायचे. आजचं सांगायला चूल नाही, म्हणून लिहिते.

भरवेलीच्या खाणीच्या कॉलनीतली आपली खोली आठवते. सुट्टीची सकाळ आहे. चुलीशेजारी पाट मांडलेला. तू पदराची गाठ सोडतेस, तिच्यात मँगनीजची भुकटी आहे. खाणीवर तुम्ही बायका दगड फोडून निवडायचात तेव्हा हातोडीखाली पडायची ती. वाटीतल्या खोबरेलात तू चिमटीचिमटीने ती कालवतेस आणि मग तुझी बोटं माझ्या डोक्यात. केस मुळापासून काळे होईपर्यंत चोळायचीस. माझ्या फ्रॉकची कॉलर काळी, उशीची खोळ काळी. तिथे सगळ्यांच्याच घरात ती भुकटी, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. मला तर वाटायचं, सगळ्याच आया असंच तेल लावतात.

एकदा मी नळावर शेजारणीच्या रिठ्याने केस धुतले आणि उन्हात वाळवत बसले. सहा-सात वर्षांची असेन. केस मक्याच्या कणसावरच्या तुऱ्यासारखे दिसत होते. मला ते फार आवडले. तू कामावरून आलीस आणि जेवणाचा डबा खाली न ठेवताच माझ्या थोबाडीत मारलीस.

“आत चाल. कोनी पाह्यलं काय तुले?”

“काहून? काय झालं?” मी विचारलं.

तू आतून कडी लावलीस आणि पुन्हा तेल काढलंस. त्या रात्री तू मला तुझ्या हाताने भरवलंस, मी तेवढी लहान नव्हते तरी. तेव्हापासून मला वाटत राहिलं की तुला माझी लाज वाटते. बरीच वर्षं वाटलं. मग त्याची सवय झाली.

लग्नाच्या आधी तू तांदूळ निवडत होतीस आणि वर न बघता म्हणालीस, “तू माह्या पोटची नाहीस.” तुला वाटलं असेल मी रडेन. मला काहीच झालं नाही. मी म्हणाले, मग कोणाची? तू सूप हलवत सांगत गेलीस. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बैहरच्या जंगलाकडे गोऱ्या पलटणीचा तळ होता. लढाई संपली, तंबू उठले, सोल्जर गेले. आसपासच्या गावांतल्या काही पोरींची पोटं मात्र राहिली. खाणीवर कामाच्या वेळी बायका लेकरांच्या झोळ्या मोहाच्या झाडाला बांधायच्या. एका संध्याकाळी भोंगा झाला, जिने तिने आपापली झोळी सोडली, आणि एक उरली.

“कोनाची हाय, कोनाची हाय करत अंधार पडला. कोनी आलं नाही. मंग म्या सोडली.”

एवढंच. पुढचं तू तांदळातला खडा काढून फेकल्यावर सांगितलंस. एक मोटार यायची, तिच्यात मडम आणि पाद्री. गोऱ्यांची पोरं गोळा करून लांब कुठल्या डोंगरातल्या शाळेत नेत होते. उकव्याच्या खाणीकडून दोन नेली. ती मोटार आपल्या खोल्यांच्या लाइनीत आली त्या दिवशी तू मला आधीच काळं करून ठेवलं होतंस. “मडमनं पाह्यलं अन् पुढं गेली.”

मी विचारलं, “मग मी एवढी मोठी झाले तरी कशाला लावत होतीस?”

“मोटार परत येईन असं वाटे.”

मग सूप बाजूला ठेवून म्हणालीस, “सासरी सांगू नोको. मानूस चांगला हाय, पन भांडनात निंगते.”

मी नाही सांगितलं. ह्यांनाही नाही. तू होतीस तोवर भुकटी आणायचीस, नंतर मी दुकानातली डाय आणली. ह्यांना वाटलं, मास्तरीणबाईंना नटायची हौस आहे. उकव्याकडून नेलेल्या त्या दोन पोरांची मला मधूनमधून आठवण येते. त्यांना मी पाहिलेलंही नाही. त्यांचे केस कुणी काळे केले नसतील, एवढंच मनात येतं.

आता आजचं. बाळाचे केस जन्मापासून पिंगट. नात्यात, गल्लीत तेच बोलणं. नातू मलाजखंडला कामाला आहे, शनिवारी घरी येतो. आल्यावर बाळाला उचलत नाही, मोबाइल घेऊन बसतो. मागच्या वेळी तो फोनवर कुणाला तरी विचारत होता, बाप कोण ते कळायची टेस्ट नागपूरला कुठे होते म्हणून. नातसून तिथेच पोळ्या लाटत होती. ती लाटत राहिली.

आज सकाळी बाळ त्याच्या मामाच्या मांडीवर. नातसून परात धरून बसलेली, केस खाली पडू नयेत म्हणून. न्हाव्याने वस्तरा फिरवला आणि म्हणाला, “अम्मा, ये तो विलायती माल है.” सगळे हसले.

सून म्हणाली, “हौ. कुठून मागवला ते मागवणारीलेच माहीत.”

मामाने मान खाली घातली. नातसुनेच्या हातातली परात हलली नाही. मी परातीकडेच बघत होते.

मी म्हणाले, “माह्याकडून आले ते केस.”

सून म्हणाली, “तुमचे तर काळेभोर होते, आई.”

“काळे केलेले होते.”

मग मी सांगितलं. पलटण, मोहाचं झाड, झोळी, मोटार, तेल. बसल्या जागी, सगळ्यांसमोर. जन्मभर शिकवलंय, थोडक्यात सांगायची सवय आहे. सून म्हणाली, “वयानं कायच्या बाही बोलून राह्यल्या.”

तेव्हा नातू दारातून पुढे आला. तो घरातही हिंदीतच बोलतो. “मम्मी, रुको. दादी का डाय बचपन में मैं ही घोलता था. जड़ के पास सब सफेद नहीं थे, भूरे भी थे. मैं पूछता तो बोलती थी, मेहंदी है.”

बायकोकडे न बघता त्याने विचारलं, “हल्दी कहाँ है?” तिने वाटी पुढे सरकवली. त्याने बाळाला मामाच्या मांडीवरून घेतलं आणि त्याच्या उघड्या डोक्याला स्वतः हळद लावली. त्याला ते येत नव्हतं, थोडी कानात गेली. बाळ ओरडलं. नातसून परात घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

जेवताना शेजारीण हळूच म्हणाली, “मंग बाई, तुमची जात कोनती म्हनावं?” मी म्हणाले, “खीर घ्या अजून.”

सून दिवसभर माझ्याशी बोललेली नाही. बोलेल. भांडणात निघेल, तू म्हणाली होतीस तसं. मला हलकं वाटायला हवं होतं, किंवा वाईट तरी. दोन्ही नाही. ती टेस्ट होणार नाही एवढं मात्र कळलं आहे. तू नको म्हटलेलं मी केलं. तू परातीसमोर बसली असतीस तर काय केलं असतंस, ते मला माहीत आहे असं धरून चालते.

हा कागद घडी करून औषधांच्या डब्याखाली ठेवीन. एक राहिलं. केस पूर्ण पांढरे झाल्यावर मी डाय सोडली. या वयात सगळ्या बायकांचे केस सारखेच. तरी तेल लावून झालं की मी तळहात बघते, काळं लागलं का ते. आत्ताही लावलं, बघितलं. नुसतं तेल होतं. मग नेहमीसारखं उशीवर जुनं फडकं अंथरलं.