कपभर आधण

२ मे
दिपमाला आज नशिराबादला परत गेली. पोरगी तरी किती दिवस सासर सोडून राहील? आता घरात मी आणि बायको, सुंदरबाई. तिची उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. महिना झाला. डॉक्टर म्हणाले, 'चहा चमच्यानं द्या, कोमट करून.'
आणि मला चहा येत नाही!

३ मे
गॅस पेटवला. लायटर सात वेळा ओढला. आठव्यांदा — भक्क! भुवई जळाली.
तरुणपणी मी भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन. फावड्यानं टनभर कोळसा लोटायचो. खांडव्यापर्यंत मालगाडी न्यायचो. एवढ्या पाण्याची वाफ केली, पण घरात पन्नास वर्षांत कपभर आधण ठेवलं नाही. लाज वाटली.

५ मे
आज पातेल्यावर झाकण ठेवलं नाही. समोर उभा राहिलो.
आधी तळाशी मोहरीएवढे बुडबुडे. मग बारीक सूं सूं. मग आवाज एकदम बसला — आणि पाणी उसळलं! बॉयलरमध्ये हेच चालायचं, पण सगळं लोखंडाआड. उभी नोकरी गेली, पाहिलं आज. बघतच राहिलो. पत्ती टाकायची राहिली, अर्धं पाणी आटलं.

९ मे
दिपमालानं इंडक्शन शेगडी पाठवली. फोनवर म्हणाली, 'बाबा, आता जाळाजवळ जायचं नाही.'
ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं. नुसती टीं टीं! स्टीलचं ठेवलं, तर दोन मिनिटांत खदखदलं. जाळ नाही, धूर नाही. कडेच्या काचेला बोट लावलं — गार! हे कोणतं इंजिन?
सुंदरबाई खाटेवरून बघत होती. नुसती बघत.

१० मे
लाइट नाही. परत गॅस. पहिल्याच ओढीत पेटला.

१४ मे
ऊन पंचेचाळीसवर. पितळी घागर गच्चीवर विसरलो होतो. दुपारी हात घातला — चटका! निम्मं काम सूर्यानंच करून ठेवलेलं. तेच पाणी चहाला घेतलं. तिला म्हटलं, "अगं, आपल्या गावात सूर्यसुद्धा फायरमन!"
तिच्या ओठांचा डावा कोपरा हलला. हसली? की मलाच भास?

२१ मे
सकाळी चमचा पुढे केला. तिनं तोंड फिरवलं. म्हटलं, चहा बिघडला वाटतं. तिनं डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. ओठ बराच वेळ झगडले. मग तिची माहेरची, शिंदखेड्याची बोली — तुटक, पण स्वच्छ:
"तुमना... कोठे शे?"
माझा कुठे आहे, विचारत होती. माझा कप मी केलाच नव्हता.