तीन दुभाजक

प्रिय काडी,

हे नाव मीच पाडलं होतं, नववीत. सतरा वर्षांनी नोकरीच्या अर्जावर तुझं खरं नाव दिसलं तेव्हा ती तूच हे लक्षात आलं नाही, फोटोवरून ओळखलं. पत्र्याच्या कारखान्यात आखणीचं काम बघतेस, हाताखाली आठ माणसं आहेत हे वाचून बरं वाटलं. मीही आता मुख्याध्यापिका आहे. गुडघे कुरकुरतात, आवाज मात्र तसाच आहे.

तो तास तुला आठवत असणारच. मागच्या बाकांवर शिक्षण खात्याचे पाच अधिकारी तपासणीला बसले होते. तेव्हा माझा नियमच होता: मुलांना उत्तर सांगायचं नाही, प्रश्न विचारत राहायचं, शोधू द्यायचं. पिंपाचं झाकण तुझ्या हातात दिलं आणि म्हटलं, फळ्यावर गिरव, याचं केंद्र शोध. तू आपणहून तीन जीवा काढल्यास, तिन्हींचे लंबदुभाजक काढलेस. ते एका बिंदूत भेटले नाहीत, मधे बोटाच्या पेराएवढा त्रिकोण उरला. परत काढ, म्हटलं. परत तेच. तिसऱ्यांदा तू हळूच म्हणालीस, "बाई, झाकणच गोल नाहीये." मी हसले. "म्हणजे चूक झाकणाची का?" असं विचारलं, तशी सगळी पोरं खिदळली, अधिकारीसुद्धा. तुला जागेवर जाऊ द्यायला हवं होतं. पण मला माझी पद्धत दाखवायची होती. तास संपेपर्यंत पस्तीस मिनिटं तुला फळ्यापाशी उभं ठेवलं. तू पुसत होतीस, काढत होतीस, आणि शेवटी तुझ्या पायाखाली फरशी ओली झाली. मागून कोणीतरी शी म्हणालं. तरी मी विचारलंच, "मग, काय शिकलीस यातून?"

दुसऱ्या दिवसापासून तू आली नाहीस. आठवड्याने तुझी मावशी ग्रंथालयाची पुस्तकं परत करून गेली. मी तिला बस म्हणाले नाही. त्याच वर्षी त्या तासावरचा माझा निबंध छापून आला, बक्षीसही मिळालं. त्यात तुझा उल्लेख 'एक मंदगती विद्यार्थिनी' असा आहे.

तास झाला त्याच संध्याकाळी रिकाम्या वर्गात मी ते झाकण मोजलं होतं. एकीकडून चाळीस सेंटीमीटर, दुसरीकडून साडेअडतीस. तुझं बरोबर होतं. निबंध त्यानंतर लिहिला.

परवा तू मुलाखतीला आलीस. कार्यशाळेच्या शिक्षिकेची जागा, समितीत आम्ही तिघं. नरसाळ्याची आखणी तू दहा मिनिटांत करून पत्रा जोडून दाखवलास, सांध्यातून पाणी गळलं नाही. "हिच्यापेक्षा चांगलं कोणी मिळणार नाही," दोघं म्हणाले. जाताना तू दारात थांबून विचारलंस, "बाई, बऱ्या आहात ना?" त्या प्रश्नात खोच शोधली, सापडली नाही. रोज सकाळी हा चेहरा समोर येणार, आणि तो माझ्याशी असाच नीट बोलणार. मला ते झेपणार नाही. मी शेरा लिहिला: भूमितीचा पाया कच्चा. मुख्याध्यापिकेच्या शब्दापुढे त्या दोघांचं काही चाललं नाही.

उद्या तुला नकाराचं पत्र मिळेल. खाली सही माझीच आहे. ते वाचून पुन्हा स्वतःचीच चूक शोधत बसशील, म्हणून हे आधी पाठवते. निर्णय मात्र बदलणार नाही.

तुझीच,
बाई