यंदाची दिवाळी पुण्यात

१४ ऑक्टोबर
शाळेला सुट्टी लागली. ठरलं म्हणजे ठरलं. यंदाची दिवाळी पुण्यात. मॉल, लक्ष्मी रोड, बागा, एखादं बुफे. तुळजापुरात राहून माणूस नुसता दुसऱ्याच्या सुट्ट्या बघत बसतो. सगळा महाराष्ट्र देवीला म्हणून आपल्या दारावरून गाड्या घेऊन जातो आणि आपण आपले स्टँडवर वडापाव खात उभे. मी मुळात शहरी वृत्तीचा माणूस. इथं भूगोल शिकवतोय हा योगायोग.

महेश्वरीला सांगितलं. मॉलचं तिला विशेष काही वाटलं नाही. म्हणाली, लग्न होऊन आल्यापासून देवीला येणाऱ्यांना चहा करतेय. एकदा दुसऱ्याच्या घरी पाव्हणी म्हणून सोफ्यावर बसायचंय. कुणीतरी चहा हातात आणून द्यावा, बास.

बायकांची स्वप्नं लई छोटी असतात. मी तिला फूड कोर्ट समजावून सांगितलं. तिथं आपला ट्रे आपणच उठून आणायचा असतो. ती गप्प झाली. आनंदानं असावी.

१५ ऑक्टोबर, सकाळ
मुक्कामाचा प्रश्न निघाला. तिचा भाऊ रेवणप्पा पिंपरीत असतो, त्याच्याकडं उतरू म्हणाली. साफ नाही म्हणालो. मेव्हण्याच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपणं जावयाला शोभत नाही. शिवाय मागच्या खेपेला हाच मला म्हणाला होता, दाजी, पुण्यात ट्रॅफिक लई, तुम्हाला जमायचं न्हाय. मी विसरलो नाही. विसरणार नाही.

पुण्यात माझ्या ओळखी काय कमी आहेत?

त्याच दिवशी, दुपार
फोन सुरू केले. यात एक पद्धत आहे. आम्ही येतोय असं थेट म्हणायचं नसतं, ते गावंढळ दिसतं. आधी त्यांना आग्रहानं आपल्याकडं बोलवायचं. मग समोरचा ओशाळून म्हणतो, अहो, आधी तुम्हीच या. तेवढ्यावर आपण हो म्हणायचं.

पहिला योगीराज, कॉलेजातला मित्र, हडपसरला असतो. म्हटलं, या की दिवाळीत देवीला, पोरंबाळं घेऊन, घर आपलंच आहे. मग बब्रुवान सर. आमच्याच शाळेतून रिटायर होऊन वाकडला मुलाकडं राहतात. त्यांनाही तेच. मग शंभू, माझा जुना विद्यार्थी, आयटीत आहे. त्याला जास्तच आग्रह केला, कारण त्याचा फ्लॅट मोठा आहे.

१६ ऑक्टोबर
प्रतिसाद जबरदस्त. योगीराज येतोय. बब्रुवान सर येतायत. शंभू तारीख कळवतो म्हणाला.

महेश्वरीनं विचारलं, आपण जातोय का ते येतायत? तिला शहरी व्यवहार कळत नाही. आधी आपण पाहुणचार करायचा, मग त्यांच्यावर नैतिक दबाव येतो. समृद्धी खोलीत जाऊन हसत होती. कॉलेजला गेल्यापासून ही पोरगी फार हसते.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
बॅग भरली. माझी नवी जीन्स, महेश्वरीच्या ठेवणीतल्या साड्या, नवे टॉवेल, प्रवासासाठी चिवडा. पांढरे स्पोर्ट्स शूज घेतले. मॉलमध्ये चपला घालून फिरणारा माणूस लगेच ओळखू येतो.

संध्याकाळी दोघींना सरकत्या जिन्याची प्रॅक्टिस देण्यासाठी मंदिराच्या महाद्वाराच्या पायऱ्यांवर नेलं. पाय कधी टाकायचा, कधी उचलायचा, पट्टी कशी धरायची. मागनं रांग तुंबली. एक आजीबाई म्हणाली, बाबा, चक्कर आली का? समृद्धी म्हणते, सोलापूरच्या मॉलमध्ये पप्पा जिन्यापुढं अर्धा तास उभे होते. सपशेल खोटं. मी बायकांना आधी जाऊ देत होतो.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
योगीराज सहकुटुंब आला. एक रात्रच राहणार आहे. महेश्वरीनं सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला केली, त्यांना इतकी आवडली की दुपारी परत केली. संध्याकाळी देवीच्या नैवेद्याला पुरण. नवे टॉवेल बॅगेतनं काढावे लागले. जाताना धुऊन भरू.

व्हीआयपी दर्शन करवून देतो असं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. मंदिरात आपली ओळख आहे. म्हणजे गुंडाप्पा, महाद्वाराशेजारी ओटीचं सामान विकतो. त्याला बाजूला घेऊन विषय काढला. तो म्हणाला, सर, रांगंतनंच जावं लागतंय, सगळ्यांनाच. मग गेलो रांगेतनं. योगीराजला मी समजावलं की रांगेतल्या दर्शनाचं पुण्य वेगळं.

१९ ऑक्टोबर
योगीराज अजून आहे. त्याच्या बायकोला मंदिर परत नीट बघायचं होतं. मी सोबत गेलो, नवे शूज घालून. दर्शन घेऊन आलो तर शूज नाहीत. देवाच्या दारात चपला गेल्या की पीडा जाते म्हणतात. हे तर शूज होते, म्हणजे मोठी पीडा गेली असणार. घरी अनवाणी आलो, पण मन हलकं होतं. पाय तेवढे भाजले.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
योगीराज काल गेला. आज सकाळी बब्रुवान सर, त्यांचा मुलगा, सून, सुनेची आई. सरांनी चिवड्याचा डबा संपवला. म्हणाले, महेश्वरीताईंच्या हाताला चव आहे, पुण्यात असं मिळत नाही. मी ही संधी साधली. म्हटलं, पुण्यात काय काय मिळतं ते बघायला एकदा यायचंय. ते म्हणाले, या की, कधीतरी नक्की या.

योगीराजही निघताना हेच म्हणाला होता. दोन घरं पक्की झाली. तारीख तेवढी ठरायची राहिलीय.

पूजेच्या वेळी महेश्वरी स्वयंपाकघरातच होती. मी हाक मारली, लक्ष्मी आली बघ. ती म्हणाली, तिलाही चहा टाकू का? विनोदबुद्धी शाबूत आहे. चांगलं लक्षण.

२२ ऑक्टोबर, पाडवा
बब्रुवान सर आणि मंडळी सकाळीच गेली. महेश्वरीनं ओवाळलं. मी ताटात पाकीट टाकलं. त्यात परवा सकाळच्या पुण्याच्या गाडीची तीन तिकिटं. लॉज बघू म्हटलं, नाहीतर बब्रुवान सरांना सरप्राईज देऊ. ती पाकिटाकडं कितीतरी वेळ बघत बसली. मग उठून बॅगेत साड्या परत नीट लावल्या. गुणगुणत होती. हिला गाणी येतात हे मी विसरूनच गेलो होतो.

संध्याकाळ
शंभूचा फोन. नवीन लग्न झालंय, जोडीनं देवीला यायचंय. उद्या संध्याकाळी पोचतो, सासू-सासरेही आहेत, तीन-चार दिवस निवांत राहतो. सर, तुमच्याच भरवशावर निघालोय म्हणाला.

आता नव्या जोडप्याला देवीच्या गावात नाही कसं म्हणणार? आणि फ्लॅट मोठा आहे. या म्हणालो. महेश्वरीला योग्य वेळ बघून सांगणार आहे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
योग्य वेळ आली नाही.

दुपारी रेवणप्पा गाडी घेऊन ओवाळून घ्यायला आला. जेवताना समृद्धीनं सांगितलं, मामा, उद्या आम्ही पुण्याला येतोय. रेवणप्पा खूश झाला. तेवढ्यात शंभूचा फोन आला, आणि नेमका स्पीकरवर लागला. सर, सोलापूर सोडलं, सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, जेवण खालीच बसून की टेबल आहे?

मी पापडाबद्दल दोन शब्द बोललो. मग रेवणप्पा म्हणाला, अक्का, गाडीत जागा हाय.

महेश्वरीनं हात धुतले. बॅग उचलली. माझी जीन्स काढून पलंगावर ठेवली आणि मला म्हणाली,

"पाव्हणे तुमी बोलवलेत. त्यांचं तुमी बघा. मी माझ्या भावाकडं पाव्हणी म्हणून चाललेय."

चहाची पूड कुठल्या डब्यात, साखर कुठं, सगळं सांगितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर मला समजूत घालता आली असती. समृद्धी आधीच गाडीत बसली होती.

एका अर्थानं बरंच झालं. दोघी पुढं जाऊन परिसराची पाहणी करतील. मी मागनं जातोच आहे.

२४ ऑक्टोबर
आमची गाडी सकाळी गेली. तिन्ही सीट रिकाम्या. मी तेव्हा पिठलं ढवळत होतो. गुठळ्या झाल्या. शंभूच्या सासऱ्यांना सांगितलं, आमच्या मराठवाड्यात असंच करतात. त्यांनी दोनदा मागून घेतलं, म्हणजे स्वयंपाक ही काही अवघड गोष्ट नाही. दुपारी मात्र ते बाहेर जेवून आले.

संध्याकाळी समृद्धीनं मोबाईलवर फोटो टाकला. मॉलचा सरकता जिना, महेश्वरी मधोमध उभी, पट्टीला हातसुद्धा लावलेला नाही. प्रॅक्टिसचा परिणाम. मी तसं लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. नेटवर्क नसेल.

त्यानंतर काही सुचेना. उगाच बॅगेची जागा झाडून काढली.

२५ ऑक्टोबर
सकाळी आणखी एक फोटो आला. रेवणप्पाच्या घरातला सोफा. महेश्वरी मागं टेकून बसलीय, पाय वर घेऊन. रेवणप्पा पुढं वाकून तिच्या हातात कपबशी देतोय. ती कॅमेऱ्याकडं बघतच नाही, चहाकडं बघतेय. अशी हसताना मी तिला कधी बघितली ते आठवेना. दिवसभर आठवून बघितलं.

ती कधी येणार ते विचारायला फोन लावला. समृद्धीनं उचलला. म्हणाली, आई म्हणते, कधीतरी नक्की.

बाहेरनं शंभूच्या सासूबाईंनी आवाज दिला, चहा मिळेल का? व्हय म्हणालो. साखरेचा डबा सापडायला वेळ लागला. सगळ्यांना हातात नेऊन दिला. त्यांचे कप विसळले. माझा चहा टाकायचा राहिला.