चार आणि सहाच्या मधली बोअर

प्रिय सेलिना,

तू डार्विनला गेलीस त्याला दीड वर्ष झालं आणि मी आज पहिल्यांदा लिहायला बसलेय. फोन दोनदा केला होता. दुसऱ्या वेळी तू उचललास आणि नुसती ऐकत राहिलीस, मग मीच ठेवून दिला. कागदावर निदान तुझं गप्प बसणं मला ऐकू येणार नाही.

आधी इकडचं सांगते. लोर्नामावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिला समोरच्याच्या हातातले पत्तेसुद्धा दिसतात, त्यामुळे तिच्याशी खेळायला कुणी बसत नाही. क्लिनिकमध्ये नवा डॉक्टर आलाय. परवा मला म्हणाला, "डॅफ्नी, या वस्तीत कुमनजाई नावाची इतकी माणसं कशी?" मी म्हटलं, माणूस गेला की घरच्यांनी ते मोकळं करेपर्यंत त्याचं नाव आम्ही घेत नाही, त्याचा आवाजही ऐकत नाही, आणि त्याच नावाचे जे मागे उरतात त्या सगळ्यांना कुमनजाई म्हणतो. त्याने ते वहीत टिपून घेतलं. भला माणूस आहे. तुझ्या भावाच्या मागे आम्ही नुसतं नाव नाही, एक आकडासुद्धा पुरला, हे काही मी त्याला सांगितलं नाही.

त्याने तो आकडा घेतला तो दिवस तुला आठवतो का गं? फुटबॉलच्या सामन्यांना सहा वस्त्यांची माणसं जमली होती. हा गाडीच्या हौद्यात चढला आणि म्हणाला, "दुकानामागच्या बोअरचं पाणी पिऊन आपल्या म्हाताऱ्या झिजल्या. चार वर्षं अर्ज करतोय, कुणी त्या बोअरचं नाव काढत नाही. आजपासून तिचा नंबर तेच माझं नाव. मला हाक मारलीत की एक तक्रार झाली." लोक हसले. मग तो गायला लागला, आपल्या भाषेत, एका दमात, आणि हसणं कधी थांबलं ते कुणाला कळलंच नाही. लोर्नामावशी पुढे बसली होती. ओरडली, "हळू बोल रे मेल्या! तोंड आहे की उधळलेलं गाढव?" तो म्हणाला, "मावशी, मी हळू बोललो की साहेब लोकांना झोप लागते." आणि पुढच्याच कडव्यात त्याने तिच्या बापाच्या मुलखातले सगळे पाणवठे ओळीने घेतले. मावशी तिथेच रडायला लागली. आठवड्याने बोळक्या तोंडाने दुकानासमोर बसून तेच गाणं म्हणत होती, तेही त्याच्यापेक्षा जोरात.

त्या आकड्याची जर्सी मिळावी म्हणून पोरं मारामाऱ्या करायची. गाड्यांच्या बॉनेटवर तो रंगवलेला असायचा. अॅलिस शहरातल्या तुरुंगातून एका मुलाने त्याला पत्र पाठवलं होतं, की तुझं गाणं ऐकलं आणि तीन वर्षांनी आईला फोन केला. ते पत्र तो खिशात घेऊन हिंडायचा आणि दिसेल त्याला दाखवायचा. तू तेवढी त्याचं कौतुक करायची नाहीस. पहिल्या रांगेत बसून त्याच्या चुकलेल्या शब्दांवर तोंड वाकडं करायचीस आणि तो गाताना तुझ्याचकडे बघायचा.

मग त्याची गाडी उलटली, घर अर्ध्या तासावर असताना, आणि तो गेला. तुझ्या आईने केस कापले, घर सोडून बाहेर मातीत येऊन बसली. त्या संध्याकाळी पोरं दुकानाच्या भिंतीला टेकून एकेक करून फोनमधून त्याचा आवाज पुसत होती. रडत होती आणि पुसत होती. एवढं प्रेम कुणी कुणावर केलेलं मी पाहिलेलं नाही. शाळेत मुलं मोजतात तेव्हा अजूनही चारनंतर एकदा टाळी वाजवतात आणि मग सहा म्हणतात. बाईंनी आता ओरडायचं सोडून दिलंय.

आता त्या सभेचं लिहायला हवं. तो सरकारी माणूस आला होता तो त्याच्याच गाण्यामुळे. शहरात कुणीतरी ते ऐकलं, कुणाकडून तरी अर्थ लावून घेतला आणि या साहेबाला इकडे पाठवलं. त्याने नकाशा पसरला, सात बोअरी, सात नंबर. मला म्हणाला, "विचारा यांना, कुठल्या नंबरची तक्रार आहे?" मी विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग तो बिचारा स्वतःच एकेक नंबर घ्यायला लागला. तो नंबर त्याने उच्चारला आणि म्हाताऱ्यांनी गळे काढले. तो इतका घाबरला की धावतपळत सहावर गेला. शेवटी त्याने कागदावर लिहिलं, तक्रार नाही. सेलिना, मी दुभाषी होते. मला बोलण्याचाच पगार मिळतो. काही न बोलता नकाशावर नुसतं बोट ठेवलं असतं तरी भागलं असतं. पण तू मागच्या रांगेतून माझ्याकडे बघत होतीस आणि माझा हात उचललाच गेला नाही. पुढच्या आठवड्यात तू निघून गेलीस. बोट ठेवू नकोस असं तू बघत होतीस की ठेव म्हणून, हे मला आजवर कळलेलं नाही.

तुझ्या आईला आता आठवड्यातून तीनदा अॅलिसला किडनीच्या मशीनवर नेतात. पाणी तेच आहे. डॉक्टर म्हणतो, कुठल्याही एका कारणावर बोट ठेवता येत नाही.

तो सरकारी माणूस पुढच्या महिन्यात, अठरा तारखेला पुन्हा येतोय. रविवारी तुझी आई माझ्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "त्याचं नाव मोकळं करायची वेळ झाली. पण मी एकटी करायची नाही. सेलिनाने त्याला कडेवर वाढवलाय. आधी ती, मग मी." तुला फोन करायला ती घाबरते, म्हणून हे पत्र. यात मी तो आकडा कुठेही लिहिलेला नाही, बघ. सोबत एक कोरा कागद आणि तिकीट लावलेलं पाकीट आहे. त्यावर तो आकडा तुझ्या हाताने लिही, दुसरं काही नको. तुझी आई तो सभेत वाचेल, आणि तिच्या मागून आम्ही सगळे. नाहीच जमलं तर कागद तसाच परत पाठव, मी तुला दोष देणार नाही. पण मग तो साहेब पुन्हा 'तक्रार नाही' असं लिहील, आणि ते आपल्या भाषेत तुझ्या आईला मला सांगावं लागेल.

अजूनही तुझीच,
डॅफ्नी